हिरव्या बनातीचे दार

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या बाई निवृत्त डॉक्टर, वय 68. मूळच्या सांगलीच्या, 1984 पासून इंग्लंडमध्ये. यजमानही डॉक्टर, वय 74. दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात त्यांनी 26 वर्षांपूर्वी आर्ट्स अँड क्राफ्ट्स (हाताच्या कारागिरीला मान देणाऱ्या) शैलीचे घर घेतले. बांधकाम 1906 चे, घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतले. मधोमध ओकच्या फळ्यांनी मढवलेला हॉल, त्यात आत शिरून बसता येईल एवढी फायरप्लेस, वर चार बेडरूम, समोर समुद्र. आता लेक, जावई आणि दोन नातवंडे लंडन सोडून तिथे राहायला यायचे म्हणतात. बेत असा की घराचे दोन सारखे भाग करायचे: खाली आईवडील, वर लेक. ते जमले नाही तर हॉलच्या मधोमध भिंत. गावातला बिल्डर म्हणतो, आतल्या कामाला कुणाला विचारावे लागत नाही. यजमान म्हणतात, ‘मी आहे तोवर घराचे तुकडे होणार नाहीत.’ मुलगा मँचेस्टरला असतो, तो काहीच बोलत नाही. बाईंचे गुडघे दुखतात, हिवाळ्यातले गॅसचे बिल डोक्यावरून जाते. त्यांचा प्रश्न चार शब्दांचा आहे: भिंत नक्की कुठे घालू?

उत्तर

नमस्कार.

तुमचे पत्र सहा पानांचे आहे. त्यातली अडीच पाने हॉलवर, एक पान समुद्रावर, आणि एकच वाक्य असे: ‘मागे एका जुन्या हिरव्या कापडाच्या दारापलीकडे लहान लहान खोल्या आहेत, तिथे सगळी अडगळ आहे.’ मी त्याच वाक्यापाशी अडकले. पण त्याआधी तुमच्या बिल्डरचे निस्तरू, कारण त्याने एखादी भिंत पाडली तर बाकीच्या उत्तराला अर्थ राहणार नाही.

त्याचे म्हणणे चूक आहे, आणि चांगलेच महागात पडणारे आहे. इंग्लंडमध्ये इमारत लिस्टेड झाली की आत आणि बाहेर असा भेद उरत नाही. ग्रेड वन असो की टू, जिना, फळ्या, दारे, त्यांच्या कड्या, फायरप्लेसच्या टाइल्स, सगळे त्यात आले. इमारतीचे वैशिष्ट्य बदलेल असे काम कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, संमतीशिवाय करणे हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडाला वरची मर्यादा नाही. शिवाय अशा कामावर कारवाई करायला मुदत नसते. 20 वर्षांनीही कौन्सिल ‘होते तसे करून द्या’ म्हणू शकते, आणि ते त्या वेळी घर ज्याच्या नावावर असेल त्याला. म्हणजे बिल्डर आज जे करून जाईल ते निस्तरायला तुमची लेक.

दुसऱ्या टोकाची समजूतही तितकीच खोटी. लिस्टेड म्हणजे खिळासुद्धा ठोकायचा नाही असे नव्हे. संमतीच्या अर्जाला इंग्लंडमध्ये फी नाही. एका घराची दोन निवासस्थाने करायला मात्र वेगळी प्लॅनिंग परवानगी लागते, तिला फी पडते, आणि ती लिस्टेड नसलेल्या घरालाही लागते. (स्कॉटलंड आणि वेल्समधल्या वाचकांनी आपापले नियम पाहावेत, स्कॉटलंडमध्ये तर वर्गही ए, बी, सी असे आहेत.)

आता ते दार.

हिरवे कापड म्हणजे बनात. दाराला जाड लोकरी बनात चढवून कडेने पितळी खिळे मारायचे, ही त्या काळच्या मोठ्या इंग्लिश घरांतली ठरलेली गोष्ट. दाराच्या अलीकडे मालक, पलीकडे नोकर. भांड्यांचा आवाज आणि स्वयंपाकाचा वास हॉलपर्यंत येऊ नये म्हणून ती बनात. (त्या दारापाशी उभ्या राहून तुम्ही 26 वर्षे लसणाची फोडणी देत असाल, तर मला फार आनंद होईल.) पलीकडे असायचे स्वयंपाकघर, भांडी घासायची मोरी, थंड राहावे म्हणून उत्तरेला काढलेली कोठीची खोली, नोकरांची बसायची जागा, वर जायला अरुंद जिना, आणि दूधवाल्या-खाटकासाठी वेगळे दार. तुमच्याकडे यातले बहुतेक सगळे आहे असे तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून दिसते. स्वयंपाकघर 1970 च्या दशकात आधीच्या मालकाने पुढे जेवणघराशेजारी आणले, म्हणून मागचा भाग ओस पडला.

आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतली ही गंमत मला नेहमी वाटत आली आहे. कारखान्यातल्या भपकेबाज मालाला कंटाळून डिझायनर विल्यम मॉरिस, आर्किटेक्ट फिलिप वेब ही मंडळी हाताच्या कामाकडे वळली. वेबने मॉरिससाठी 1859 मध्ये रेखाटलेल्या रेड हाऊसपासून ही घरांची गोष्ट सुरू होते असे मानतात. स्थानिक दगड, स्थानिक वीट, लाकडाचा सांधा न लपवता दाखवायचा, कडीसुद्धा लोहाराने ठोकून केलेली. श्रमाचा एवढा मान! मॉरिस तर पुढे उघड समाजवादी झाला. आणि तरी त्या वळणाच्या घरांत श्रम करणारी माणसे बनातीच्या दाराआड. शिल्पकार लॉकवुड किपलिंग 1865 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आला तेव्हा कारागिराच्या हाताविषयीची हीच आस्था बरोबर घेऊन आला होता. क्रॉफर्ड मार्केटवरची त्याची शिल्पे तुम्ही लहानपणी पाहिली असतील. असो, मी भरकटले.

सांगायचे ते हे, की तुमचे घर 1906 साली बांधले तेव्हाच ती दोन घरे होती. दोन दारे, दोन जिने, दोन वेगळे दिनक्रम. तुम्ही विचारता भिंत कुठे घालू. ती 1906 मध्ये घालून झाली आहे. मागच्या भागाचे छप्पर पुढच्यापेक्षा खाली आहे आणि नकाशात ती मधली भिंत इतरांपेक्षा जाड दिसते, तेव्हा ती पायापासून विटांची असण्याचा संभव आहे. मोजणी करून घ्या, पण माझा कल स्पष्ट आहे. घर उभे विभागायचे आणि तिथेच विभागायचे.

खाली-वर विभागणी मला पसंत नाही, आणि कारण सौंदर्यदृष्टीचे नाही. दोन स्वतंत्र निवासांच्या मधून आवाज किती जावा आणि आग किती वेळ थोपावी याचे नियम आहेत. जुन्या लाकडी मजल्याला त्यात बसवायचे तर वरच्या ओकच्या फळ्या उचकटायच्या किंवा खालचे छत उतरवायचे. छत उतरले की गिलाव्यातली नक्षी जाते, खिडक्यांची वरची चौकट झाकली जाते, आणि या शैलीच्या घरांची छते मुळातच बुटकी. एवढे करून नातवंडे वर धावली की खाली कळणारच. त्यात तो जिना तुमच्या हॉलमधूनच वर जातो. लेकीला स्वतःच्या घरी जायला तुमच्या बैठकीतून जावे लागेल. कायद्याचीही भानगड आहे. एकाची मालकी दुसऱ्याच्या डोक्यावर अशा फ्रीहोल्डला कर्ज देताना बँका का-कू करतात, म्हणून मग लीज करा, वकील गाठा.

आणि हॉलच्या मधोमध भिंत? ती कल्पना वाचून मला आमच्या माहेरचा वाईचा वाडा आठवला. 1979 साली दोन काकांमध्ये वाटणी झाली. मापे घेऊन, दोरी लावून, अगदी न्यायाने भिंत नेमकी माजघरातून घातली. देवघर एका काकांकडे गेले आणि देवघरात उजेड पाडणारी खिडकी दुसऱ्यांकडे. दोघांनाही सारखे चौरस फूट मिळाले, आणि देव दिवसाढवळ्या विजेच्या दिव्यावर आले. तुमचा तो हॉल म्हणजे त्या घराचे माजघर आहे. फायरप्लेसचे दोन भाग करता येत नाहीत, आणि ती नसलेला अर्धा हॉल म्हणजे बोळ. कौन्सिलचा कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, म्हणजे जुन्या इमारतींवर लक्ष ठेवणारा अधिकारी, याला संमती देईल असे मला वाटत नाही.

इथे तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे बोट दाखवते: ‘सारखे’. तो नऊ वेळा आला आहे, मी मोजला. दोन भाग सारखे असावेत असे कुणाला वाटते? लेकीच्या मागण्यांत तुम्ही तीन खोल्या, अभ्यासाची जागा आणि शाळा जवळ असे लिहिले आहे. तुमच्या गरजांत एका पातळीवर सगळे, ऊब आणि लहान घर. या गरजा सारख्या नाहीतच. मग मोठे घर लेकीकडे आणि मागचा भाग तुमच्याकडे, असे का नको? उत्तर मला ठाऊक आहे, तुम्ही ते लिहिले नाही एवढेच. आयुष्यभर कष्ट करून, रात्रपाळ्या करून, परक्या देशात समुद्रासमोर घर घेतले, आणि म्हातारपणी राहायचे कुठे, तर नोकरांच्या खोल्यांत.

हे टोचणार. त्याला हसण्यावारी नेऊ नका. पण एकदा तिथे उभ्या राहून पाहा. जुने स्वयंपाकघर बहुधा घरातली दुसरी मोठी खोली असते. जिथे मोरी होती तिथे नळ आणि निचरा आधीपासून आहे, म्हणजे न्हाणीघर करायला ऐतिहासिक भिंती कमीत कमी फोडाव्या लागतील. नोकरांची बसायची खोली तुमची झोपायची. जिना चढायचाच नाही. लहान खोल्या लवकर तापतात, तो मोठा हॉल मात्र तुमचा गॅस पितो. कमी आहे ती समुद्राची. त्यासाठी पुढच्या बागेतला एक कोपरा, किंवा हॉलमधली खिडकीखालची बैठक, तुमची म्हणून लेकीशी आधीच ठरवून घ्या. तोंडी नको.

लेखक एच. जी. वेल्सने 1900 च्या सुमारास केंटमधल्या सँडगेटला समुद्राकाठी व्हॉयझी या आर्किटेक्टकडून घर बांधून घेतले. तब्येत तोळामासा, आपण लवकरच चाकाच्या खुर्चीत जाणार अशी त्याला खात्री होती, म्हणून राहायच्या आणि झोपायच्या खोल्या एकाच पातळीवर मागितल्या. खुर्ची काही आली नाही, तो 1946 पर्यंत जगला. व्हॉयझीला दारांवर बदामाचा आकार घालायची हौस. वेल्सने हट्ट धरून तो बदाम उलटा करवला आणि घराचे नाव पडले स्पेड हाऊस, इस्पिकाचे घर. पुढे तिथे नर्सिंग होम झाले. अशी घरे मालकाच्या गरजेप्रमाणे पहिल्या दिवसापासून वाकत आली आहेत, तुमचेही वाकेल.

आता खरा निर्णय, आणि तो भिंतीचा नाही. दोन कायदेशीर निवासस्थाने करायची, की एकच घर ठेवून मागे जोडघर करायचे, ज्याला इथे अॅनेक्स म्हणतात?

दोन निवासस्थाने केलीत तर एक भाग उद्या वेगळा विकता येतो. घरांची संख्या बदलणाऱ्या कामावर, अटी पुऱ्या झाल्या तर, व्हॅट 20 ऐवजी 5 टक्के लागतो. तो बिल्डरनेच त्या दराने लावायचा असतो, तुम्ही नंतर मागायचा नसतो, म्हणून करार करण्यापूर्वी त्याच्याकडून लिहून घ्या. (लिस्टेड घराच्या मंजूर फेरफारांना व्हॅटच नाही असे कुणी सांगितले, तर ती सवलत 1 ऑक्टोबर 2012 ला संपली.) पण मग बनातीचे दार कायमचे बंद करून त्याच्या मागे आगीला आणि आवाजाला पुरेल अशी भिंत घ्यावी लागेल. मीटर दोन, बॉयलर दोन, आणि छप्पर, गटार, गाडीरस्ता यांचा खर्च कोण किती देणार याचा करारनामा.

जोडघर केले तर दार दारच राहते. परवानगीत बहुधा अट येते की हा भाग वेगळा विकायचा किंवा भाड्याने द्यायचा नाही, आणि ती अट असली की 5 टक्क्यांचा दर मिळत नाही. उलट कौन्सिल टॅक्सला, म्हणजे इथल्या घरपट्टीला, फायदा आहे: मागच्या भागाला तिचा वेगळा बँड (दर) लागला तरी, पुढे राहणाऱ्यांचे 65 वर्षांवरचे अवलंबून असलेले नातेवाईक तिथे राहत असतील तर तो माफ होतो. लेक पुढे आणि तुम्ही मागे, या मांडणीत हे बसते. शिवाय पुढेमागे घर पुन्हा एक करायचे तर एक कडी काढली की झाले.

तुमच्या घरात कुणालाही काही विकायचे नाही असे दिसते. म्हणून मी जोडघराच्या बाजूने आहे. लेक आणि जावई स्वतःचे पैसे घालणार असतील, कर्ज काढणार असतील, तर मात्र त्यांना नावावर काहीतरी हवे असणार, आणि तो त्यांचा हक्क आहे. मग पारडे दुसरीकडे झुकते. हे त्यांना विचारले आहे का? पत्रात ते कुठे नाही.

कराची एकच गोष्ट सांगते, बाकी सल्लागाराकडे जा. घराचा वाटा लेकीला बक्षीस देऊन तुम्ही त्याच भागात फुकट राहत राहिलात, तर वारसाकराच्या दृष्टीने ते दिलेच नाही असे धरतात. ‘बक्षीस दिल्यावर सात वर्षे काढली की कर नाही’ हे आपल्या मंडळींच्या जेवणावळीत ऐकू येणारे वाक्य तिथे लागू पडत नाही.

मुलगा बोलत नाही म्हणजे त्याला चालते असे समजू नका. बहीण आईवडिलांजवळ राहणार, त्यांचे करणार, आणि घरही तिच्याकडे झुकणार, हे त्याला दिसत असणार. बोलला तर हावरा ठरेल, म्हणून गप्प असेल. काम सुरू होण्यापूर्वी घराचे मूल्यांकन करून घ्या, मृत्युपत्र नव्याने लिहा आणि त्यातले आकडे दोघांना एकत्र बसवून, एकाच दिवशी सांगा.

आणि यजमान. ते घराचे तुकडे म्हणतात, पण हॉलवरची अडीच पाने तुम्ही लिहिली आहेत, त्यांनी नव्हे. मला शंका आहे की त्यांना भिंतीचे फारसे काही नाही. आपण लेकीच्या घरात राहायला आलेले म्हातारे होऊ, हे त्यांना नको आहे. आपल्याकडे ‘चूल वेगळी झाली’ हे दुःखाने म्हणतात. इथे एक वेगळी चूल कदाचित त्यांचा मान राखेल. स्वतःचे दार, स्वतःचा चहा, हवे तेव्हा बंद करता येणारी बातम्यांची वटवट. त्यांच्याशी बोलताना घराचा विषय काढूच नका, सकाळी सातला काय करायला आवडेल ते विचारा.

कामाच्या क्रमाबद्दल थोडे. नॅशनल हेरिटेज लिस्टमधली तुमच्या घराची नोंद काढा, ती ऑनलाइन फुकट मिळते. जुन्या घरांचा अनुभव असलेला मान्यताप्राप्त आर्किटेक्ट नेमा आणि अर्जाआधी कौन्सिलचा सल्ला घ्या. बऱ्याच कौन्सिली त्याचे पैसे घेतात, ते द्या. मॉरिस आणि वेब यांनी 1877 मध्ये स्थापलेली स्पॅब ही संस्था आजही जुन्या घरांबद्दल फोनवर फुकट तांत्रिक सल्ला देते. वटवाघळे आहेत का हे तपासून घ्या. जुन्या कौलारू घरात ती असू शकतात, कायद्याने संरक्षित आहेत, आणि ती बाहेर पडताना मोजायची तर हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. तो चुकला की वर्ष गेले. बाहेरचा खरबरीत गिलावा चुन्याचा की सिमेंटचा हे नमुना तपासल्याशिवाय कुणाला दुरुस्त करू देऊ नका. शिशाच्या पट्ट्यांतल्या काचा बदलू नका, आतून दुसरी काच बसवा. बागेत मधून कुंपण नको, अंगण सामाईकच बरे.

समुद्राचेही विचारून ठेवा. किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी शोअरलाइन मॅनेजमेंट प्लॅन असतो, त्यात पुढच्या शंभरेक वर्षांत तिथे बांध राखणार की किनारा निसर्गावर सोडणार ते लिहिलेले असते. नॉरफोकमध्ये हॅपिसबर्गला कडा ढासळून घरे समुद्रात गेली आहेत. तुमच्या गावाबद्दल ‘निसर्गावर’ असे लिहिले असेल तर एवढा खर्च करण्याआधी थांबा. मग घर विकून एकाच गल्लीत दोन लहान घरे घेणे हा पर्याय, जो तुम्ही कंसात लिहून खोडला आहे, पुन्हा उघडा.

तोवर एक गोष्ट विनापरवाना करता येते. मागच्या खोल्या रिकाम्या करा, तिथे एक सुटी विजेची शेगडी, एक पलंग आणि दोन खुर्च्या ठेवा, आणि येत्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तुम्ही दोघे तिथे राहून पाहा. लेकीला सुट्ट्यांत पुढे राहू द्या, दार लावून. अडगळ काढायला मुलालाही मँचेस्टरहून बोलवा. आणि बनातीला कुणी व्हॅक्यूम क्लीनर थेट लावणार नाही हे पाहा. कसर लागलेली असेल, तर तोटीवर जाळी बांधून, कमीत कमी ओढीवर, वरून खाली.